पहाटेच्या काटापट्टीवर कालची तारीख

मंडळी, आपल्या यवतमाळात सूर्य डोक्यावर येतो तो बाराच्या ठोक्याला नाही. वर्षाची सरासरी काढली तर तेव्हा घड्याळात सव्वाबारा वाजून गेलेले असतात. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर धरली आहे आणि आपण त्या रेषेच्या चार अंशांहून थोडे जास्त पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. १९०६ साली ही वेळ ठरली, तरी मुंबईनं ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ पुढं कितीतरी वर्षं सोडली नाही. वेळ ही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे. सर्व्हरला ती आपण सांगावीच लागते.

मी ती सांगितली नव्हती. एका जिनिंगच्या काटापट्टीचं, म्हणजे कापूस मोजल्यावर मिळणारी पावती छापायच्या प्रोग्रॅमचं काम मी केलं होतं. भाड्यानं घेतलेला सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेला मिळतो, आपल्या साडेपाच तास मागे. दिवसा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पट्टीवर फक्त तारीख छापायची. पण रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथं आदलाच दिवस चालू असतो. रात्रभर रांगेत थांबलेल्या एका काकांचा कापूस पहाटे पाचला काट्यावर चढला. पट्टीवर कालची तारीख आली आणि तारखेवरून भावही कालचा लागला, आजच्यापेक्षा कमी. काकांनी चष्मा लावून पट्टी वाचली अन् म्हणाले, "बाबू, काल तं मी वावरात होतो. मंग हे कालची तारीख कशी आली?"

मालकांनी फरकाचे पैसे दिले. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

घाबरून मी तेव्हा दुसरी चूक केली. घड्याळच साडेपाच तास पुढं ढकललं. असं कधीच करू नका. आतलं मूळ घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद यूटीसीनं मोजत असतं. ते ढकललं की सर्व्हर भविष्यात जातो, लॉगिनचे वेळेवर चालणारे कोड जुळत नाहीत, आणि एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय, चालू असेल तर ती घड्याळ बहुधा परत मागे ओढते. घड्याळाच्या काट्यांना हात लावायचा नाही, फक्त टाइमझोन, म्हणजे कुठल्या देशाची वेळ दाखवायची ते, बदलायचं.

लिनक्सवर त्यासाठी एकच ओळ पुरते: टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन, आणि पुढं एशिया/कोलकाता. नुसतं आयएसटी लिहू नका, इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही तीच तीन अक्षरं वापरतात. मग क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा सुरू करा, नाहीतर रात्रीची कामं जुन्याच वेळेवर चालत राहतात. प्रोग्रॅम पीएचपी भाषेत लिहिला असेल तर तिची डेट डॉट टाइमझोन ही सेटिंग वेगळी असते, नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसची आणखी वेगळी. तिन्ही तपासा.

नवीन काम करत असाल तर माझं ठाम मत असं: साठवताना यूटीसी, दाखवताना आणि दिवस ठरवताना भारताची वेळ. जुन्या नोंदींत साडेपाच तास मिळवण्याआधी त्या कुठल्या वेळेत लिहिल्यात ते पाहा, नाहीतर ते दोनदा मिळवले जातात. आणि तपासणी दुपारी करू नका. पहाटे पाचला उठा, एक खोटी पट्टी काढा आणि तारीख वाचा. आजही मी हंगाम सुरू व्हायच्या आदल्या पहाटे हेच करतो.