प्लेट उचलणारे हात

मंडळी, सौर प्रकल्पाच्या साइटवर पॅनेलला कुणी पॅनेल म्हणत नाही, प्लेट म्हणतात. दोन्ही बाजूंनी काच असलेली ५५० वॅटची प्लेट साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि वजनाला साधारण ३० किलो. १०० मेगावॉटच्या प्रकल्पाला अशा १,८०,००० हून जास्त प्लेटा लागतात. हिशेब करा, ५,४०० टन होतात. हे सगळं आपली पोरं हातानं उचलतात.

मे महिना, धाराशिवकडचा माळ, पारा ४२ वर. खोकं फोडायचं, दोघांनी प्लेट धरायची, ढेकळांतून चालत टेबलापर्यंत, म्हणजे प्लेटा बसवायच्या सांगाड्यापर्यंत न्यायची, खांद्याच्या वर उचलून बसवायची. दुपारी वारा सुटला की तीच प्लेट शिडासारखी ओढ घेते. कुणी वाट लांब पडली म्हणून डोक्यावर घेतं. तशी नेली की प्लेट मधोमध लवते, आतल्या वीज बनवणाऱ्या सेलला केसाएवढी चीर जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. वीज कमी पडायला लागली की मग शोधाशोध. त्या माणसाची मान आणि कंबर मात्र कुणी तपासत नाही.

अमेरिकेतल्या एईएस कंपनीनं २०२४ मध्ये मॅक्सिमो नावाचा रोबो पुढे आणला. कॅलिफोर्नियातल्या बेलफील्ड प्रकल्पावर तो कामाला लागला. कॅमेऱ्यानं जागा हेरायची, प्लेट उचलायची, नेमकी बसवायची. वेळ आणि खर्च निम्म्यापर्यंत खाली येतो, असा कंपनीचा दावा आहे. ऑस्ट्रेलियातही असे रोबो कामावर आहेत. बहुतेक यंत्रं व्हॅक्यूमच्या चोषकांनी काच पकडतात. माणूस लागतोच, पण ओझ्याला नाही. प्लेट जखडणारे क्लॅम्प आवळायला, नजर ठेवायला.

आपल्या मातीत हे चालेल का? उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि मृगाचा पाऊस झाला की ट्रॅक्टरसुद्धा रुततो. धुळीनं माखलेल्या काचेवर चोषक नीट धरत नाही. शिवाय यंत्राला लांब, सरळ ओळी हव्यात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला वैजापूर तालुक्यातला धोंदलगावचा प्रकल्प ३ मेगावॉटचा. तिथे रोबो आणणं म्हणजे वाफ्याला जेसीबी लावणं. अशा ठिकाणी प्लेट उचलून धरणारा साधा हात ट्रॅक्टरला जोडला तरी पुष्कळ. मोठ्या प्रकल्पांवर मात्र रोबो येणार, आणि यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची आहे. उसात हार्वेस्टर आलं, तेव्हा कोयता घेणाऱ्यांपैकी कितीजण त्याच्या सीटवर बसले? मुकादमाची उचल घेऊन फडावर जाणारी, ऊसतोडीचा हंगाम संपला की प्लेटा उचलायला येणारी ही बीड-धाराशिवचीच माणसं. मागे केजकडचा एकजण कमरेला पट्टा बांधून काम करत होता. त्याला मी मोबाइलवर रोबोचा व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दोनदा पाहिला आणि विचारलं, "सायेब, हे चालवायला किती शिकावं लागतं?"

मी त्याला म्हणालो, जेसीबी चालवणारा हे शिकू शकतो. स्क्रीन वाचता आली पाहिजे आणि यंत्र अडलं तर ते का अडलं, हे ओळखता आलं पाहिजे. आपल्या आयटीआयमध्ये काही महिन्यांत शिकवण्यासारखं आहे. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: ज्या निविदेत रोबो असेल, त्याच निविदेत आजवर प्लेटा उचलणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च धरा, आणि शिकतानाच्या दिवसांची हजेरीसुद्धा. हजेरी बुडवून तो शिकायला येणार नाही. त्याच्या घरी रोज चूल पेटवायची असते.