बकरं, नाल आणि पेट्राची थडगी

नमस्कार मंडळी. आज जॉर्डनला जाऊ, पेट्राला. नबाती लोकांचं गाव हे. धूप-मसाल्याच्या व्यापारात गब्बर झालेली अरब मंडळी, आणि त्यांनी आपली थडगी बांधली नाहीत, डोंगरात कोरली. बांधली नाहीत, कोरली!

पण आधी तो बकऱ्याचा किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाही. १८१२ चा ऑगस्ट. बुर्कहार्ट नावाचा स्विस तरुण, अरबी वेश, नाव घेतलेलं शेख इब्राहीम, दमास्कसहून कैरोला निघालेला, आणि वाटेत कानावर आलं की या डोंगरात जुनं शहर आहे. आता परका माणूस पडके अवशेष बघायला आला म्हणजे खजिना पळवायलाच आला, ही तिथल्या लोकांची खात्री. मग यानं सांगितलं, मी नवस बोललोय, हारून पैगंबरांच्या कबरीपाशी बकरं कापायचा. नवस म्हटल्यावर कोण अडवणार? वाटाड्या मिळाला आणि त्याची मजुरी किती, तर घोड्याच्या जुन्या नालांची एक जोडी! बकरं वाटाड्याकडे, पाण्याची पखाल साहेबांच्या खांद्यावर. अरुंद घळीतून जाताजाता समोर अचानक खजना, म्हणजे डोंगरात कोरलेली पेट्राची ती प्रसिद्ध भव्य वास्तू, चाळीसेक मीटर उंच. हा पठ्ठ्या एकेका थडग्यात शिरून बघतोय, वाटाड्या चकित. पुढे वाट सोडून एका पडक्या देवळाकडे वळला तेव्हा मात्र वाटाड्या भडकला, तू काफिर आहेस, तुझ्या पूर्वजांच्या शहरात काहीतरी काम काढून आलायस, इथला एक छदाम नेऊ देणार नाही! बिचारा गप्प. कबरीपर्यंत पोचायच्या आतच सूर्य मावळला, मग डोंगराच्या पायथ्याशीच बकरं कापलं, नवस फिटला.

त्या खजिन्यापायी, तो कलशातच दडलाय असं समजून, लोकांनी खजन्यावरच्या दगडी कलशावर बंदुका झाडल्या, खुणा आजही आहेत, आणि कलश निघाला भरीव. (आपल्याकडचे लेण्यांत किल्लीनं नावं कोरणारे हिरो यांचेच भाऊबंद, मी तर म्हणतो दंड लावा चांगला.)

दंडावरून आठवलं. सौदीतल्या हेग्राला नबाती थडग्यांच्या दारावर चक्क कागदपत्रं कोरलीत, सातबाराच म्हणा ना. मालक कोण, आत कुणाकुणाला पुरायचं, विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, टाकलंत तर दुशरा देवाला दंड, हारिथत राजालाही दंड. शेवटी पाथरवटाचं नावसुद्धा. आत भिंतीत मृतांसाठी कोनाडे. पेट्रात तर काही थडग्यांशेजारी तीन बाजूंनी दगडी बाकांची खोली, मयताच्या नावानं जेवायला, आपल्या तेराव्याची पंगतच जणू.

आणि कोरायचं कसं, तर वरून खाली. वेरूळच्या कैलासासारखं, आधी कळस मग पाया, वरून खाली. हेग्राचं कस्र अल-फरीद बघा, एकाच सुट्या खडकात कोरलेलं, वरचा भाग कसा गुळगुळीत, आणि खाली येता येता काम थांबलंय, छिन्नीचे घाव तसेच.