हरकत कुणाची?

(दृश्य : बेळगाव कॅम्प, रविवार सकाळ. फातिमा कॅथेड्रलसमोर लागलेल्या स्कूटर, पायऱ्यांवर जमलेली माणसं.)

कॅम्पात रविवारी सकाळी मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी अशा सगळ्या भाषांतून प्रार्थना कानावर येते. याच शहरात भाषेवरून मोर्चे निघाले, बंद झाले, डोकी फुटली. चर्चच्या आवारात मात्र मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, सुटल्यावर ज्याला जी जमते ती भाषा तो बोलतो. याचा आम्हाला अभिमान आहे.

म्हणूनच पुढचं बोलणं जड जातं. "आमच्यात जात नाही" असं आपण सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही.

(दृश्य : टेबलावर छापील बायोडेटा. कॅमेरा एकेका ओळीवरून सरकतो.)

धर्म ख्रिस्ती. पंथ रोमन कॅथलिक किंवा मेथडिस्ट. शिक्षण, नोकरी, उंची. जातीचा रकाना नाही. मग फोन येतो. चर्च कुठलं, फादर कोण, मुलगी क्वायरमध्ये गाते का, अशी गोड सुरुवात होते. आणि हळूच विचारलं जातं : मूळ गाव कुठलं? आजोळ कुठलं? आडनाव पहिल्यापासून हेच का? गोव्याकडून येऊन खानापूर, बेळगावात स्थिरावलेल्या घरांत बामण, चारडो, सुदिर हे जातींचे भेद पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतात. घाटावरच्या मराठी घरांत आडनाव आणि गावातली जुनी वस्ती एवढ्यावरून अंदाज बांधला जातो. अंदाज आला की पलीकडचा आवाज बदलतो. "घरात विचारून कळवतो." कळवत कुणीच नाही. मुलीच्या आईला कारण समजतं, पण ते कुणी तोंडाने बोललेलं नसतं, त्यामुळे तिला कुणाला जाबही विचारता येत नाही. पुढच्या रविवारी तीच माणसं दोन बाकं सोडून बसलेली असतात. मिस्सेत शांतीचं चिन्ह द्यायची वेळ येते, तेव्हा ती तिच्याकडे वळून हात जोडतात.

(दृश्य : जुन्या मराठी छपाईची पानं.)

बाबा पद्मनजींचा जन्म १८३१ सालचा, याच बेळगावातला. १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही इथेच झाला. तीन वर्षांनी त्यांची 'यमुनापर्यटन' आली. विधवांचे हाल मांडणारं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखलं जातं. ज्या समाजात ते वाढले त्याचं दुखणं त्यांनी नावानिशी लिहिलं. त्यांचा वारसा आम्ही मोठ्या तोंडाने सांगतो. मग आमच्या समाजाचं दुखणं कुणी लिहायचं?

"आत्ता ही वेळ नाही," असं उत्तर मिळतं. त्यामागची भीती खोटी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं. त्या दिवसांत घरी प्रार्थनासभा ठेवायलाही लोक कचरत होते. बाहेरून घेरलेलं असताना घरातलं भांडण चव्हाट्यावर का आणायचं, हा प्रश्न आम्हीही ऐकला. पण ज्या घरांना नकार मिळतो, त्यांच्यावर बाहेरचाही मार असतो आणि आतलाही. गप्प बसून त्यांचं कुठलं रक्षण होतं?

आणि एक विसंगती तर डोळ्यांआड करताच येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. तो दर्जा मिळावा म्हणून आपण दिल्लीत मागणी करतो, आणि ती रास्त आहे. तिथे आपलं म्हणणं काय असतं? बाप्तिस्मा घेतला तरी जात पाठ सोडत नाही. हेच वाक्य बेळगावच्या चर्चमध्ये उच्चारलं की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव होतो हे लेखी मान्य केलं. बिशपांना जे कबूल आहे, ते आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांच्या, सभेत बोलायला काय हरकत आहे?

(दृश्य : वेदीजवळ लग्नाची सूचना वाचणारे फादर.)

कॅथलिक चर्चमध्ये लग्न ठरलं की रविवारच्या मिस्सेत वधूवरांची नावं वाचतात. या विवाहाला काही अडथळा कुणाला माहीत असेल तर कळवावं, असं सांगतात. त्या वेळी उभं राहून "जात वेगळी आहे" असं कुणी म्हणत नाही. चर्चच्या कायद्यात ती हरकत बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती हरकत आधीच फोनवर घेऊन झालेली असते, आणि तिच्यामुळे मोडलेल्या जोड्यांची नावं वेदीपर्यंत पोचतच नाहीत.

लग्नाआधी वधूवरांना चर्चचा वर्ग करावा लागतो. आमची फादरांना आणि पास्टरांना विनंती आहे. त्या वर्गात एक दिवस आईवडिलांनाही बसवा. आणि हे स्थळ पक्कं करण्याआधी ज्यांना "कळवतो" म्हणालात, त्यांना नकार कशासाठी दिलात, हे त्या आईवडिलांना सगळ्यांसमोर विचारा.