सगळ्यात शार्प ब्लेड कुठलं? आधी शार्प म्हणजे काय ते बघू

नमस्कार मंडळी! दाढीच्या डबल एज, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेल्या ब्लेडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, सगळ्यात शार्प कुठलं, आणि उत्तरही ठरलेलं, जपानचं फेदर. शार्प आहेच ते, वादच नाही. पण शार्प म्हणजे नक्की काय मोजतोय आपण?

हे बघा, हे ब्लेड. जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटर. कडेला ही चमकणारी पट्टी दिसतेय ना, ती एका कोनात घासलेली नसते, आधी रफ ग्राइंडिंग, मग फिनिशिंग, मग शेवटी चामड्याच्या चाकांवर फिरवतात, न्हावीकाका पट्ट्यावर वस्तरा मारायचे तेच काम पण मशीनवर, आणि टोकाकडे येताना कोन थोडा थोडा वाढवत आणतात.

आता टोक किती बारीक आहे ते नॅनोमीटरमध्ये मोजायचं, ते साध्या मायक्रोस्कोपला पण दिसणार नाही. त्यासाठी धारेचं एक स्केल आहे, बेस म्हणतात, ठराविक धागा कापायला किती ग्रॅम जोर लागला तो आकडा, नवं ब्लेड 50 च्या आसपास येतं. भारी वाटतं ऐकायला. पण हा आकडा मुख्यतः टोकाबद्दल सांगतो, आणि दाढीचा केस काही धागा नाही, चांगला जाड असतो, टोक आत शिरलं की मागची पाचर त्याला फाकवत जाते. पाचर निमुळती असेल तर केस सहज सुटतो पण कड नाजूक होते, पाचर जाड ठेवली तर कड टिकते पण केस ओढल्यासारखा लागतो. माझ्या मते खरा फरक इथे आहे, आणि पाकिटावर यातलं काही छापत नाहीत, तिथे नुसतं प्लॅटिनम प्लॅटिनम!

ब्लेडच्या कडेवर टेफ्लॉनचा थर असतो, घर्षण कमी करायला. पहिल्या दाढीत तो अगदी टोकावरून मागे ढकलला जातो, म्हणून बऱ्याच जणांना दुसरी दाढी जास्त स्मूथ वाटते.

बरं, धार जाते कशी? नुसती झिजून नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केस कापून बघितले, केस स्टीलपेक्षा साधारण 50 पट मऊ, तरी कडेचे बारीक टवके उडतात! केस तिरका वाकला आणि नेमकं तिथे स्टील आतून एकसारखं नसलं की टवका गेला.

आणि रेझरमध्ये घट्ट आवळलं की ब्लेड वाकतं, कोन बदलतो, त्यामुळे सलूनमध्ये अर्धं मोडून वस्तऱ्यात घातलेलं तेच ब्लेड वेगळंच लागतं. म्हणून दोन ब्रँड कंपेअर करायचे तर रेझर, साबण, दाढीची वाढ सगळं सेम ठेवा, आणि निकाल दुसऱ्या दाढीनंतर लावा.