पाचला मिटणारं गाव

नमस्कार श्रोतेहो.

जपानमधलं ताकायामा पाहून आलेला माणूस तुम्हाला जुनी लाकडी घरं सांगेल, मियागावा नदीवरचा लाल पूल सांगेल. रात्रीचं विचारलंत तर म्हणेल, छे, पाचला सगळं बंद! 'सानमाची' नावाची ती जुन्या घरांची गल्ली खरंच पाचच्या सुमाराला मिटते. आमच्या टूरवाल्यानंही सातला जेवू घालून फर्मावलं, झोपा आता.

मी कसली झोपते! पूल ओलांडून स्टेशनच्या बाजूला चालत राहिले. रस्ता सामसूम, दिवे मंद, पिवळे. (आपल्याकडे रस्तोरस्ती पांढरे एलईडी लावून रात्रीचं ऑपरेशन थिएटर करून टाकलंय, ते एक असो.) आणि एका दाराआडून गाणं ऐकू आलं. खिडकी नाही, काच नाही, नुसतं दार आणि वर उजळलेली छोटी पाटी. ढकललं.

आत जेमतेम सात खुर्च्या. काउंटरमागे साठीच्या बाई. त्यांना सगळे 'मामा' म्हणतात. आपला मामा नव्हे, मालकीणबाई! मी बसते न बसते तोच त्यांनी चटणीच्या वाटीएवढी वाटी पुढे ठेवली. शिजवलेला मुळा. मी मागवला नव्हता. हसून परत सरकवली. त्यांनी हसून पुढे सरकवली. मी पुन्हा मागे. असं तीनदा झालं! शेजारी एक म्हातारे सुतार बसले होते. हा हिदा प्रांत सुतारांचाच. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, इथली माणसं कराऐवजी सुतारकाम करून देत. तर आजोबांनी पेन्सिल काढली. कागदी रुमालावर एक वाटी काढली, मग बरोबरचं चिन्ह, मग एक खुर्ची. चारही पाय अगदी मापात! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाटी म्हणजे बसायचं भाडं. तिला ओतोशी म्हणतात. मागवावी लागत नाही, नाकारायची नसते, बिलात येते.

अशा जागेला तिथे 'स्नॅक' म्हणतात. १९६४ मध्ये रात्री उशिरा नुसती दारू देणाऱ्या बारांवर निर्बंध आले, तेव्हा सोबत थोडं खायला ठेवून ही दुकानं वाढली. नेहमीचं गिऱ्हाईक अख्खी बाटली विकत घेऊन नावाची चिठ्ठी लावून तिथेच ठेवतं. तर लक्षात ठेवा, खिडकी नसलेलं दार, उजळलेली पाटी, आतून गाणं. खिडकी नसलेलं दार! आणि रोख पैसे जवळ असू द्या.

मलाही गायला लावलं. मी गणपतीची आरती म्हटली, आजोबांनी काउंटरवर ठेका धरला.

निघताना मी बिलापेक्षा हजार येन जास्त ठेवून आले. गल्लीच्या टोकाला पोचते तोच मागून चपलांची फटफट. मामा एप्रनसकट धावत आल्या, नोट माझ्या मुठीत कोंबली, वाकून नमस्कार केला आणि परत पळाल्या.

वाटी मी तीनदा परत केली होती. नोट मात्र मी मुकाट्यानं घेतली.