पत्ता बदलताना

(दृश्य: रात्र. टेबलावर लॅपटॉप आणि एक साधी वही. वहीत पेनानं लिहिलेली लांबलचक यादी.)

या वहीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक खातं. बँक, विमा, मोबाइल, दवाखाना, कधीतरी एकदाच केलेली खरेदी. सगळ्यांपुढे एकच ईमेल पत्ता आहे, जीमेलचा. तोच मला सोडायचाय, आणि यादी लिहून काढेपर्यंत कल्पना नव्हती की इतकं सगळं त्या एका खुंटीला टांगलेलं आहे.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झालं. इतर सेवा दोन-चार एमबी जागा देत असताना इथे १ जीबी फुकट. तारीख बघून अनेकांना ती थट्टाच वाटली होती. थट्टा नव्हती. पत्रांतला मजकूर यंत्र वाचायचं आणि त्यावरून जाहिराती दाखवल्या जायच्या. पत्रांवरून जाहिराती ठरवणं थांबवत असल्याचं गूगलनं २०१७मध्ये जाहीर केलं. तोवर आपल्या पत्राचा आणि आपल्या ओळखीचा पत्ता एकच होऊन बसला होता.

(दृश्य: फोनची सेटिंग. बोट सर्च इंजिनच्या पर्यायावर येऊन थांबतं.)

गूगलच्या सेवा सोडायच्या असतील, तर सुरुवात मात्र ईमेलपासून करू नका. सुरुवात इथून करा.

सर्च इंजिन बदलायला मिनिटभर पुरतं. पण फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलंच सर्च इंजिन असावं, म्हणून गूगलनं एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोजली. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात हा आकडा उघड झाला, आणि ऑगस्ट २०२४मध्ये न्यायालयानं गूगलविरुद्ध निकाल दिला. एका मिनिटाच्या कामासाठी एवढा पैसा का? कारण ते मिनिट बहुतेक जण कधीच काढत नाहीत. मला हा सगळा विषय कळला तो या एका आकड्यातून. तिथे किंमत लावलेली आहे ती आपल्या सवयीला.

नव्या जागाही पूर्ण स्वतंत्र नसतात, हे आधीच सांगायला हवं. डकडकगो हे सर्च इंजिन तुमच्या शोधांची नोंद ठेवत नाही, पण त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो. तरीही मी दोन्ही वापरते. माझ्याबद्दल कमी माहिती गोळा व्हावी, एवढंच मला आज हवंय आणि ते तिथे मिळतं.

(दृश्य: फोनवर शेजारी शेजारी दोन मेसेज ॲप.)

मेसेजचं कोडं वेगळं आहे, कारण तिथे एकट्यानं घर बदलून भागत नाही. व्हॉट्सॲपमधला मजकूर २०१६पासून कुलूपबंद असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून तो कुणाला वाचता येत नाही. ते कुलूप सिग्नल या दुसऱ्या मेसेज ॲपवाल्यांनीच घडवलेलं आहे. पण कोण कोणाशी बोललं, कधी बोललं, ही माहिती मजकुराबाहेरची, तिला ते कुलूप नाही. त्याच वर्षी अमेरिकेत सिग्नलकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्यापाशी द्यायला दोनच गोष्टी निघाल्या. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही त्यांनी साठवलेलंच नव्हतं. ‘आम्ही माहिती सांभाळून ठेवू’ या आश्वासनापेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं.

घरच्यांना मी एवढंच म्हटलं, फोटो आणि कागदपत्रं मला सिग्नलवर पाठवा. मोठा ग्रुप आजही जुन्याच जागी आहे. त्यासाठी कुणाशी वाद घातला नाही, घालणारही नाही.

नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स हे ॲप घेतलं. त्यामागे आहे ओपनस्ट्रीटमॅप, २००४पासून लोकांनी मिळून काढलेला नकाशा. रस्त्यावरची कोंडी मात्र त्यात कळत नाही. घाई असली की जुना नकाशा उघडते.

(दृश्य: वहीवर पुन्हा कॅमेरा. काही ओळींवर काट मारलेली.)

आता ईमेल. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन केंद्रात भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रोटॉन मेल सुरू केलं. जर्मनीत टुटा ही तशीच ईमेल सेवा आहे. तुमच्या पेटीतली पत्रं या सेवांना स्वतःलाही वाचता येत नाहीत. पण समोरच्याची पेटी जीमेलची असेल तर पत्राची एक प्रत तिथे राहतेच. आणि कायदा सगळीकडे आहे. २०२१मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे तो इंटरनेटला कुठून जोडला जातो ते सांगणारा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर त्यांना देता आला नसता.

इथे एक कळकळीची सूचना. पासवर्ड विसरलात आणि तो परत मिळवायची सोय आधी करून ठेवली नसेल, तर जुनी पत्रं उघडायला कंपनीकडेही किल्ली नसते. पासवर्ड परत मिळवायची किल्ली कागदावर लिहा, कागद जपून ठेवा. आणि जमलं तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, घ्या. पुढे सेवा कितीही बदला, पत्ता तुमचाच राहील.

पहिल्या खेपेला मी घाई केली होती. एक जुनी पेटी थेट बंद करून टाकली. काही महिन्यांनी एका सेवेनं पासवर्ड बदलायची लिंक नेमकी त्याच पेटीवर पाठवली. ते खातं मला आजतागायत परत मिळालेलं नाही. म्हणून आता जुनी पेटी उघडीच ठेवलीये. तिथे येणारं पत्र नव्या पत्त्यावर येतं, मी त्या ठिकाणी जाऊन पत्ता बदलते आणि वहीत काट मारते. आठवड्याला दोन-तीन.

फोटोंना सगळ्यात जास्त वेळ लागला. गूगलच्या टेकआउट या सोयीतून आपलं सगळं उतरवून घेता येतं, पण काही फोटोंच्या तारखा वेगळ्याच फायलींत निघतात आणि जुळवत बसावं लागतं. आता दोन डिस्कवर दोन प्रती आहेत, त्यातली एक दुसऱ्या घरी. त्याआधी मूळ जागचा एकही फोटो पुसला नाही.

(दृश्य: लॅपटॉपवर जुनी पेटी. नवं पत्र येतं.)

आज सकाळी जुन्या पेटीत एकच पत्र आलं. आणखी एका विम्याचं, हप्त्याची आठवण करून देणारं. वहीत ती ओळ नव्हती.

(दृश्य: पेन. यादीच्या तळाशी एक नवी ओळ लिहिली जाते.)