माहीमच्या तरीवरचा नाकेदार

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका खेळाविषयी सांगणार आहे. हा खेळ दुकानात मिळत नाही. तो आम्ही घरी तयार केला, १९८८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत. अजून तो चालू आहे. महिन्यातले दोन रविवार, दुपारी चार ते सहा. मध्ये कुणाची लग्नं झाली, कुणाच्या बदल्या झाल्या, आमची चाळ पाडून तिथे टॉवर आला, पण रविवारी चोपडी उघडायची राहिली असं फार क्वचित झालं. खेळाचं नाव ‘सात बेटं’.

व्यापार, सापशिडी, पत्ते तुमच्या घरी आहेतच, ते मी समजावत नाही. आमच्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. हा खेळ बोलून खेळायचा. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी कोळीण, कुणी भंडारी शिपाई, कुणी आगरी. सूत्रधार म्हणतो, “पाऊस लागलाय, समोर खाडी आहे, होडी पलीकडच्या काठाला आहे. काय करता?” मग तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. परत सांगते, कारण सगळा खेळ एवढ्यावर उभा आहे. सूत्रधार परिस्थिती सांगतो, खेळणारा आपली कृती सांगतो आणि शंका असेल तिथेच फासे. शंका नसेल तर फाशांना हात लावायचा नाही.

या जातीचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये निघाला, डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो केला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या हा तिकडचा जुना छंद, त्यातून तो वाढला. माझा मामा बोटीवर होता, त्यानं त्या खेळाची एक पेटी आम्हाला आणून दिली. तिच्यात वीस बाजूंचा निळा फासा होता. अंक कोरलेले, पण रंग न भरलेले. रंग भरायला पेटीतच मेणाचा पांढरा खडू. तो अंकांवर घासायचा आणि वरवरचा रंग फडक्यानं पुसून काढायचा. खाचेत उरेल तेवढा अंक. मी आणि माझा आतेभाऊ एक अख्खी दुपार ते करत बसलो होतो. विसाचा आकडा उठून दिसला तेव्हा आम्ही तो फासा सगळ्या मजल्यावर फिरवून दाखवला.

तो फासा दुसऱ्याच महिन्यात गॅलरीच्या कठड्यातून खाली गेला आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेला. मग आम्ही लुडोचे दोन फासे घेतले. आज मला वाटतं, फार बरं झालं. वीस बाजूंच्या एका फाशावर एक पडायची जेवढी शक्यता, तेवढीच अकराची, तेवढीच विसाची. दोन साधे फासे छत्तीस तऱ्हांनी पडतात. त्यातल्या सहा तऱ्हांनी सात येतात. दोन यायला एकच तऱ्हा, बारा यायलाही एकच. म्हणजे बहुतेक वेळा मधलंच काहीतरी पडतं, आणि टोकाचं क्वचित. रोजच्या जगण्यातही असंच असतं, म्हणून खेळ खरा वाटतो. सोप्या कामाला आम्ही सहा मागतो, अवघड कामाला दहा. सहा किंवा वर छत्तीसपैकी सव्वीस वेळा पडतात, दहा किंवा वर छत्तीसपैकी फक्त सहा वेळा. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

पेटीतल्या पुस्तकात तिकडचे गडकोट आणि तिकडचे राक्षस होते. आम्ही गिरगावची मुलं, आम्हाला घराबाहेर पडलं की समुद्र. मग आम्ही आमचीच जागा घेतली. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. भर टाकून जोडली जाण्यापूर्वीची सात बेटं. साल धरलं १७३६. इकडे इंग्रज. खाडीपलीकडे वांद्रं, सगळी साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट) आणि वसई पोर्तुगीजांकडे, आणि मराठे दाराशी आलेले. पुढच्याच वर्षी त्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. माहीमचा कॉजवे तेव्हा नव्हता. तो १८४५ मध्ये झाला, लेडी जमशेटजी म्हणजे अवाबाईंनी दिलेल्या पैशातून. दादर-माहीमला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्याच या. त्याआधी माहीमहून वांद्र्याला जायचं तर तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, जायचं.

जाता जाता बोलते. शाळांच्या सहली हल्ली वॉटर पार्कला जातात. शिवडीचा किल्ला, वरळीचा किल्ला, शीवचा किल्ला याच शहरात आहेत, आणि शीवच्या किल्ल्यावर चढायला फार वेळ लागत नाही. मुलांना एकदा तिथे नेऊन उभं करावं आणि खाडी कुठून कुठे जात होती ते बोटानं दाखवावं. माझं हे मत मी मुख्याध्यापकांना भेटून सांगत आले आहे आणि सांगत राहीन.

तर माहीमची तर.

१९९१ चा श्रावण. मी सूत्रधार. खेळणारे तिघं, आतेभाऊ, खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण आणि समोरच्या खोलीतला धाकटा. त्यांना एक निरोप वसईला पोचवायचा होता. वाटेत माहीमचा नाका. नाक्यावर मी एक नाकेदार ठेवला होता. नाव नाही, गाव नाही, चोपडीत नुसतं लिहिलं होतं, ‘नाकेदार, कडक, दहा’. म्हणजे त्याला चुकवायचं तर दहा पाडा. चार रविवार ते तिघं त्या नाक्यावर अडकले होते. रात्री पोहून गेले, पडले सात. लाच दिली, पडले पाच. मासळीच्या पाट्यांखाली लपले, पडले आठ. चौथ्या रविवारी आतेभाऊ चिडून म्हणाला, “आता मी त्याला सरळ मारतो.”

आजी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. चार रविवार ती ऐकत होती, एक शब्द बोलली नव्हती. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “अगो, त्याचं नाव काय?”

“कुणाचं?”

“ज्याला हा मारायला निघालाय त्याचं.”

मी म्हटलं, “आजी, त्याला नाव नाहीये. तो नाकेदार आहे.”

“नाव नाही, मग घरही नसेल. तुम्ही चार रविवार भांडताय कुणाशी?” आणि मग ती म्हणाली, “मला घ्या खेळात.”

आम्ही सरकून जागा केली. मी विचारलं, “आजी, तू कोण?”

“मी पाटीवाली. डोक्यावर पाटी आहे.”

“काय करतेस?”

“त्याच्या नाक्यावर जाऊन बसते.”

“बसतेस?”

“पाऊस आहे म्हणालीस ना? आडोसा असेल त्याच्यापाशी. तिथे बसते आणि त्याला विचारते, बाबा, तुझं नाव काय?”

आता मला उत्तर देणं भाग होतं. सूत्रधाराला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. मी म्हटलं, “चांगो.”

“चांगो बाबा, घरी कोण कोण?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “एक लेक आहे. आठ वर्षांची. पलीकडे वांद्र्याला, तिच्या आजोळी. नाका सोडून जाता येत नाही, तीन वर्षं झाली तिला बघितलेलं नाही.” हे मी ठरवलेलं नव्हतं. आजीनं विचारलं म्हणून ते झालं.

गॅलरीत पाऊस वाजत होता. आजी म्हणाली, “मग सोड की बाबा मला आणि या पोरांना. जाऊन येतो.”

आतेभाऊ लगेच म्हणाला, “फासे टाकायला पाहिजेत. दहा आहेत. नियम म्हणजे नियम.” त्याचं बरोबर होतं. आजीनं दोन्ही तळव्यांत फासे घोळवले, कवड्या खेळताना घोळवायची तसेच, आणि टाकले. एक आणि दोन. तीन.

मी म्हटलं, “तो सोडत नाही.”

आजीनं मेथीची जुडी परत हातात घेतली. मला वाटलं तिचं झालं. पण ती खाली बघूनच म्हणाली, “नको सोडू. तुझं काम आहे ते, पोटावर आलं तर काय करशील. पण लेकीला काही धाडायचं असेल तर दे माझ्यापाशी. कधी ना कधी मी पलीकडे जाईन. पोचवते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फासे तीन म्हणत होते. पण माझ्यासमोर एक माणूस उभा होता, चांगो नावाचा, आणि तो काय करील हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, “तो आत जातो. बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या चार हिरव्या बांगड्या आहेत. त्या तुझ्या पाटीत ठेवतो. आणि म्हणतो, जा सगळे. पण या पोचल्या पाहिजेत.”

आतेभावाचं आणि माझं त्यावर जोरात भांडण झालं. तीन पडूनही जाता आलं तर फासे कशाला, असं तो म्हणे. मी म्हणे, फुकट गेलेले नाहीत, आजीवर देणं आहे. शेवटी तोच म्हणाला, “मग ते लिही. शाईनं लिही, म्हणजे खोडता येणार नाही.” त्या दिवशी आम्हाला आमच्या खेळाचा सगळ्यात मोठा नियम मिळाला.

तो नियम असा. फासे कमी पडले तर खेळणाऱ्यानं हरायलाच पाहिजे असं नाही. तो देणं पत्करू शकतो. मग काम होतं, पण चोपडीत त्याच्या नावावर देणं चढतं. कुणाचं, काय, कुठे द्यायचं. पात्र मेलं तर ते देणं बाकीच्यांवर येतं. परत सांगते, कमी पडले तर हरा, नाहीतर देणं घ्या. पात्राचं बाकी सगळं, वय, बळ, सामान, पेन्सिलनं. देणं तेवढं शाईनं. आणि सूत्रधारासाठी त्याच दिवशीचा दुसरा नियम, नाव आणि गाव नसलेला माणूस खेळात आणायचा नाही.

चोपडी म्हणजे अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळते ती लाल कापडी बांधणीची. मुंबईच्या हवेत स्पायरल वहीची तार दोन पावसाळ्यांत गंजते आणि पानं सुटतात. कापडी बांधणी तीस वर्षं टिकते, माझ्याकडे आहे. कुणाला असा खेळ घरी करायचा असेल तर पहिला खर्च चोपडीवर करा.

सुरुवातीला आमचे नियम शंभर पानी वहीत मावत नव्हते. तलवारीचे वेगळे, भाल्याचे वेगळे, ओहोटीत चालायचे वेगळे. दरवर्षी गुढीपाडव्याला आम्ही चोपडी काढून बसतो. वर्षभरात जो नियम एकदाही लागला नाही तो काढून टाकतो. आज सगळे नियम एका पाठकोऱ्या कागदावर मावतात, आणि नवा माणूस चहा होईपर्यंत शिकून होतो.

आजी त्यानंतर खेळायला बसली नाही. पण पुढचे कित्येक रविवार ती आतून विचारायची, “पोचल्या का गो बांगड्या?” मी म्हणायचे, “पोचवू.” ते तिघं वसईच्या भानगडीत गुंतले, मग साष्टीची लढाई आली, मग वसईची. १९९८ मध्ये आजी गेली. नंतर कुणी विचारलं नाही.

२०११ मध्ये माझा भाचा खेळायला लागला. अकरा वर्षांचा. खेळातलं साल तोवर १७५८ झालं होतं, साष्टीत मराठ्यांचा अंमल. त्याला जुन्या चोपड्या चाळायची सवय. एके दिवशी बोट ठेवून त्यानं विचारलं, “मावशी, ही पाटीवाली कोण? हिचं देणं बाकी आहे. बांगड्या, हिरव्या, चार. चांगोच्या लेकीला, वांद्रे.” मी म्हटलं, “ती टोळीत होती. ती आता नाही.” तो म्हणाला, “मग ते आमच्यावर आलं.”

त्यांनी सगळी मोहीम सोडली. वांद्र्यात तिला शोधायला तीन रविवार लागले. चिंबईच्या किनाऱ्यावर ती मासळी वाळत घालत होती. वय तीस. भाच्यानं फडकं सोडलं, म्हणजे तशी ओंजळ केली आणि माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, “ती बांगडी घालून बघते. हाडाच्या पुढे जात नाही. या आठ वर्षांच्या मुलीच्या आहेत. ती विचारते, कुणी दिल्या?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुझ्या बाबांनी. एक म्हातारी पावसात त्यांच्यापाशी बसली होती, तिच्याकडे दिल्या.”

मी म्हटलं, “तिची धाकटी मुलगी शेजारी उभी आहे. सात वर्षांची. ती तिच्या हातात भरते. चारही.”

भाच्यानं विचारलं, “फासे टाकू?” मी नको म्हटलं. मग त्यानं माझं पेन घेतलं, आजीच्या ओळीपुढे वीस वर्षं मोकळी राहिलेली जागा होती, तिथे शाईनं लिहिलं, ‘पोचल्या’, आणि खाली तारीख घातली.

येत्या रविवारी चार वाजता आम्ही परत बसतो आहोत. नमस्कार.